आखूड दांडा, लांब विचार

गाडीवेड्या मुलांच्या गप्पांमध्ये काही शब्द असे असतात की ते कोणी उच्चारले की वाद तिथेच संपला असे सगळ्यांना वाटते. 'टर्बो' हा त्यातला एक. 'शॉर्ट शिफ्टर' हा दुसरा. आमच्या डॉर्मिटरीत रात्रीच्या अभ्यासानंतर, दिवे बंद व्हायच्या आधी जी दहा मिनिटे मिळतात, त्यात हा शब्द गेल्या सत्रात इतक्या वेळा आला की मराठी पानासाठी लेख मागितला गेला तेव्हा मला दुसरा विषय सुचलाच नाही.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी आधी अर्थ सांगतो. हाताने गिअर बदलायच्या गाडीत कंपनीने दिलेला गिअरचा दांडा असतो. तो काढून त्याच्या जागी बाजारातून विकत आणलेला असा दांडा बसवायचा, की पहिल्यातून दुसऱ्यात किंवा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताला कमी अंतर कापावे लागेल. हाच शॉर्ट शिफ्टर. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस पहिल्या काही महिन्यांत ज्या वस्तूंवर पैसे खर्च करतो, त्यात ही वस्तू बरीच वर असते.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शॉर्ट शिफ्टर घ्यायला माझी हरकत नाही. पण तो निवडताना 'किती आखूड?' हा सर्वांत शेवटचा प्रश्न असावा. पहिला प्रश्न असा, की आत्ताचा गिअर नीट पडतो का? आणि दुसरा, आखूडपणाची किंमत कोण मोजणार, आपला हात की गिअरबॉक्स?

मी पंधरा वर्षांचा आहे. गाडी चालवण्याचा परवाना मिळायला मला अजून तीन वर्षे आहेत. मग मी यात का पडावे, असे आईबाबा आणि सर विचारतील. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, या शाळेतले आपण बरेचसे जण सात-आठ वर्षांत पहिला पगार हातात घेऊ, आणि त्यातून पहिली गाडी घेऊ. तेव्हा कोणता भाग घ्यायचा हे ठरवायला बसण्यापेक्षा विचार आजच केलेला बरा. दुसरे म्हणजे, या प्रश्नाचे उत्तर गाडी चालवण्यात जितके आहे तितकेच विज्ञानाच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक वाचायला परवाना लागत नाही.

उदाहरण म्हणून मी एकच गाडी घेतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. ती गाडी आहे माझदाची एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या छताची, मागच्या चाकांना ताकद देणारी, वजनाने साधारण एक टनाच्या आसपासची छोटी गाडी. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही. मला तिची माहिती असण्याचे कारण म्हणजे माझा मामेभाऊ. तो अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरी करतो आणि त्याने पहिल्या पिढीतली, म्हणजे १९९० च्या दशकातली, वापरलेली एमएक्स-५ घेतली आहे. रविवारच्या फोनवर तो मला अभ्यासाचे विचारतो आणि मी त्याला गाडीचे विचारतो. मागच्या हिवाळ्यात त्याची तक्रार होती की सकाळी थंडीत दुसरा गिअर पडत नाही, आणि गाडी गिअरमध्ये असतानाही दांडा डावी-उजवीकडे डुलतो. त्यावर त्याने स्वतःच औषध शोधले होते. "शॉर्ट शिफ्टर घेतो. चाळीस टक्के आखूड आहे म्हणे."

इथेच माझे आणि दादाचे मतभेद सुरू झाले. वयाने तो दहा वर्षांनी मोठा आहे, म्हणून मी फोनवर फार बोललो नाही. पण जे बोलायचे राहिले ते इथे लिहितो.

गिअरचा दांडा ही एक तरफ आहे. वर हातात धरायचा गोळा, खाली गिअरबॉक्समधल्या दांड्यांना ढकलणारे टोक, आणि मध्ये कुठेतरी टेकू. एमएक्स-५ मध्ये दांडा सरळ गिअरबॉक्सवरच बसलेला असतो, मध्ये कोणताही जोड नाही, म्हणून हिशेब सोपा आहे. समजा टेकूच्या वरची लांबी २०० मिलिमीटर आहे आणि खालची ५० मिलिमीटर. म्हणजे प्रमाण ४ ला १. खालचे टोक न्यूट्रलपासून १२ मिलिमीटर सरकल्यावर गिअर पूर्ण पडतो असे धरू. मग वरचा गोळा ४८ मिलिमीटर सरकेल. खाली १० किलोचा जोर लागत असेल तर हाताला अडीच किलो लागेल.

आता खालची लांबी वाढवून ६५ मिलिमीटर करू. शॉर्ट शिफ्टर बनवण्याची ही नेहमीची पद्धत आहे. गोळा आता सुमारे ३७ मिलिमीटरच सरकेल, म्हणजे अंतर २३ टक्के कमी झाले. पण हाताला लागणारा जोर अडीचचा सव्वातीन किलो झाला, म्हणजे ३० टक्के वाढला. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण नियम कोणत्याही गाडीत तोच राहतो. अंतर गुणिले जोर, म्हणजे कार्य, तेवढेच राहते. अंतर चाळीस टक्के कमी केले तर जोर दीडपटीहून जास्त होतो. अंतर निम्मे केले तर जोर दुप्पट.

कोणी म्हणेल, खालचा भाग वाढवण्याऐवजी वरून दांडा कापला तर? किंवा टेकूच उचलून वर बसवला तर? तिन्ही वाटांनी जा, बिल सारखेच येते. वरून कापला तर फक्त हात खाली जातो, स्टिअरिंगपासून लांब. टेकू वर घेतला तर दांड्याची वरची बाजू लहान आणि खालची मोठी, असे दोन्ही बदल एकदम होतात. जाहिरातीत 'चाळीस टक्के कमी अंतर' हे ठळक अक्षरात असते. 'दीडपट जास्त जोर' हे मात्र बारीक अक्षरातही नसते. म्हणून ते आपणच पाठीमागच्या पानावर लिहून घ्यावे.

आता जास्त महत्त्वाचा मुद्दा. हा वाढलेला जोर जातो कुठे? तो जातो सिंक्रोनायझरवर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते 'सिंक्रो' म्हणतात. १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने तो पहिल्यांदा गाडीत आणला. त्याचे काम समजून घ्यायला आपल्या परेड ग्राउंडसारखी जागा नाही.

समजा स्क्वॉड तेज चालीत निघाला आहे आणि एक कॅडेट मागून धावत येऊन त्यात सामील होतोय. तो थेट ओळीत घुसला तर पुढच्याच्या टाचेवर त्याचा बूट पडणार. त्याने आधी बाजूला राहून आपला वेग आणि पाय स्क्वॉडशी जुळवायला हवा, गरज पडली तर 'कदम बदल' करायला हवा, आणि मगच ओळीत शिरायला हवे. गिअरबॉक्समध्येही हेच होते. एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.८८८ आहे आणि तिसऱ्याचे १.३३०. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असताना तिसरा टाकला, तर त्याच वेगाला इंजिनच्या बाजूचा शाफ्ट सुमारे ४,२३० फेऱ्यांवर यायला हवा. म्हणजे जवळपास १,७७० फेरे कमी व्हायला हवेत. हे काम सिंक्रोची छोटी कडी घर्षणाने करते. आणि वेग जुळत नाही तोवर तीच कडी पुढची वाट अडवून धरते, म्हणजे दात दातांवर आपटत नाहीत.

म्हणजे हाताने गिअर बदलताना मध्ये एक छोटासा थांबा असतोच. आपल्या ड्रिलमध्ये 'एक, दो-तीन, एक' यातला जो 'दो-तीन' आहे, तसा. जो कॅडेट 'दो-तीन' गिळून पुढची हालचाल करतो, तो चपळ दिसत नाही, फक्त स्क्वॉडच्या बाहेर दिसतो. शॉर्ट शिफ्टरने हाताचे अंतर कमी होते, पण हा 'दो-तीन' कमी होत नाही. कडीला लागणारा वेळ लागतोच. फरक इतकाच की लांब दांड्यात तो वेळ हाताच्या प्रवासात लपून जातो, आणि आखूड दांड्यात हात आधी पोहोचतो आणि कडीवर दाब देत उभा राहतो. ज्याला हे कळते तो क्षणभर थांबतो. ज्याला कळत नाही तो जोर लावतो, आणि काही वर्षांनी दुसरा गिअर करकरायला लागतो.

आमच्या शाळेच्या बसचे चालक निवृत्त फौजी आहेत. आम्ही सगळे त्यांना उस्तादजी म्हणतो. त्यांच्या बसचा गिअरचा दांडा जवळजवळ माझ्या हाताएवढा लांब आहे आणि त्याचा प्रवास तर विचारूच नका. तरी घाटात पुढे बसलेल्या छोट्या मुलांची मान हलत नाही. मी एकदा त्यांच्या मागच्या सीटवर बसून नीट पाहिले. उतारावर खालचा गिअर घेताना ते क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणतात, क्लच सोडतात, अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा टेकू देतात, पुन्हा क्लच दाबतात, आणि मग दांडा दोन बोटांनी आत जातो. याला ते 'डबल क्लच' म्हणतात. ज्या काळी गाड्यांना सिंक्रो नव्हता, तेव्हा प्रत्येक चालकाला हे यावेच लागे. वेग जुळवायचे काम कडीवर न टाकता ते स्वतःच्या पायाने करतात. गिअर किती चांगला पडतो हे दांड्याच्या लांबीवर किती थोडे अवलंबून आहे, हे मला त्या बसमध्ये कळले.

आता जे मित्र म्हणतात की 'पण ट्रॅकवर एकेक क्षण मोलाचा असतो', त्यांच्यासाठी एक हिशेब. तिसऱ्यातून चौथ्यात जाण्याऐवजी घाईत हात दुसऱ्यात गेला, तर काय होते? त्याच एमएक्स-५ मध्ये तिसऱ्यात ६,५०० फेरे असताना चुकून दुसरा पडला आणि क्लच सुटला, तर इंजिनला ९,२०० हून जास्त फेरे फिरावे लागतील. या इंजिनची लाल रेघ सात हजारांच्या आसपास आहे. इथे इंजिनची वेगमर्यादा राखणारी यंत्रणाही वाचवू शकत नाही. कारण ती फक्त इंधन तोडते, आणि इथे इंजिनला इंधन नव्हे, चाके फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी इंजिनच जाते. इंग्रजी बोलणारे गाडीवेडे याला 'मनी शिफ्ट' म्हणतात, कारण त्यानंतर फक्त पैसे मोजायचे उरतात.

या चुकीचा संबंध पुढे-मागच्या अंतराशी कमी आणि डाव्या-उजव्या वाटांशी जास्त आहे. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि पाचवा या तीन वाटा हाताला वेगवेगळ्या ओळखू यायला हव्यात. एकाच गोलावर फिरणाऱ्या दांड्यात पुढे-मागचे अंतर कमी केले की डावे-उजवे अंतरही सोबत कमी होते. वाटा एकमेकींच्या जवळ येतात. दांड्याला मध्यभागी आणणारी स्प्रिंग चांगली असेल तर ती मदत करते, कारण तिचा जोरही आता हाताला जास्त जाणवतो. पण स्प्रिंग दमलेली असेल आणि खाली बुश झिजलेला असेल, तर आखूड दांडा म्हणजे अंधारात अरुंद जिना उतरण्यासारखे आहे.

म्हणूनच मी म्हणतो की आखूडपणाच्या आधी नेमकेपणा बघा. आणि हे माझेच म्हणणे नाही, या धंद्याचा इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीचे शिफ्टर १९६० च्या दशकात घराघरांत माहीत झाले. तेव्हाच्या कारखान्यातून येणारे दांडे आणि त्यांचे जोड ढिले असत, गिअर कुठे आहे ते हाताला समजत नसे. हर्स्टचा दांडा मजबूत होता, आणि गिअर पडला की 'पडला' असे हाताला कळायचे. १९६४ च्या पोंटिअॅक जीटीओमध्ये तर कंपनीनेच हर्स्टचा शिफ्टर बसवून दिला. म्हणजे लोक बाहेरचा दांडा घ्यायला लागले ते नेमकेपणासाठी. आखूडपणाची जाहिरात मात्र जास्त खपते, कारण तो टक्क्यांत मोजता येतो. नेमकेपणा टक्क्यांत सांगता येत नाही.

आणि वेगाचेच बोलायचे तर ती शर्यत हाताच्या गिअरने केव्हाच सोडली आहे. पोर्शने २०१३ मध्ये आणलेली ९११ जीटी३ फक्त त्यांच्या दुहेरी क्लचच्या पीडीके गिअरबॉक्ससह मिळत होती. यंत्र माणसापेक्षा लवकर गिअर बदलते, हे त्यामागचे साधे कारण. पण लोकांनी हातातला दांडा मागणे सोडले नाही. २०१६ मध्ये कंपनीने फक्त हाताच्या गिअरची ९११ आर काढली, आणि २०१७ मध्ये जीटी३ लाही तो पर्याय परत दिला. जी माणसे हळू गिअरबॉक्स मुद्दाम मागतात, त्यांना वेग नको असतो. त्यांना गाडीशी हस्तांदोलन हवे असते. मग शॉर्ट शिफ्टर निवडतानाही हीच कसोटी का लावू नये? 'किती क्षण वाचतात?' असे विचारण्यापेक्षा 'हाताला काय कळते?' असे विचारावे.

आता कोणी खरोखरच घ्यायला निघाला असेल, तर माझ्या मते त्याने या क्रमाने जावे.

सर्वांत आधी आजार ओळखावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष बहुधा क्लचचा आहे, तो पूर्ण सुटत नाही. फक्त थंडीत अडतो आणि गाडी तापली की ठीक होतो, तर आधी गिअर ऑइल पाहावे. गिअर टाकताना करकर होते, तर सिंक्रो झिजला असावा. दांडा गिअरमध्ये असूनही डुलतो, तर बुश गेला आहे. यातल्या एकाही आजारावर शॉर्ट शिफ्टर हे औषध नाही. उलट करकरणाऱ्या गिअरवर तो बसवणे म्हणजे मोच आलेल्या पायाने क्रॉस कंट्री धावणे.

मग जे आहे ते दुरुस्त करावे. एमएक्स-५ मध्ये दांड्याच्या तळाशी एक छोटा प्लॅस्टिकचा बुश असतो, वर रबराची दोन आवरणे असतात, आणि दांडा जिथे बसतो त्या खळग्यात थोडे ऑइल असते. तीस वर्षांत रबर फाटते, बुश झिजतो, ऑइल आटते. फाटलेल्या रबरातून गिअरबॉक्सची गरम हवा आणि आवाज आत येतो. हे सगळे बदलायला लागणारा खर्च नव्या शिफ्टरच्या मानाने किरकोळ आहे. ऑइल मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच घालावे. 'जास्त भारी' म्हणून दुसरे घालू नये, कारण काही ऑइलमधली रसायने पितळेच्या कड्यांना मानवत नाहीत.

त्यानंतर स्वस्तातला प्रयोग करावा, जड गोळ्याचा. दांड्यावरचा गोळा थोडा जड असला की हात एकदा हलवला की वजन स्वतःच पुढे जाते, आणि सिंक्रोचा तो छोटा अडथळा हाताला मऊ लागतो. आवडला नाही तर दोन मिनिटांत काढता येतो.

एवढे करूनही हवाच असेल, तर शॉर्ट शिफ्टर घ्यावा. रोजच्या गाडीत अंतर वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये, असे मला वाटते. विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. अंतर कमी कसे केले आहे, वरून, खालून की टेकू हलवून? डाव्या-उजव्या वाटांचे काय होते? चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून असलेली अडवणूक पूर्वीसारखी चालते का? आणि दांड्यात थरथर शोषणारे रबर आहे का? कंपनीच्या बऱ्याच दांड्यांत असे रबर असते. बाहेरचे एकसंध धातूचे दांडे ते वगळतात, मग इंजिनची गुणगुण थेट तळहातात येते. काहींना ते आवडते. चार तासांच्या प्रवासानंतरही आवडते का, हे मात्र विचारावे. पुढच्या चाकांच्या गाड्यांमध्ये दांडा दोन केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असतो, एक पुढे-मागची आणि एक डाव्या-उजव्याची. तिथे एका बाजूचे अंतर बदलून दुसरे तसेच ठेवता येते, म्हणून तिथला हिशेब निराळा करावा.

शेवटी, काढलेला मूळ दांडा कापडात गुंडाळून जपून ठेवावा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ यातले कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांविषयी आहे. त्यामुळे भारतात कोणताही बदल करण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घेणे बरे. पालकांनीही मुलाला 'नाही' म्हणण्याआधी वरचे चार प्रश्न त्याला विचारून पाहावेत. उत्तरे आली तर मुलगा तयार आहे. नाही आली तर 'नाही' म्हणायची गरजच पडणार नाही.

दादाचे काय झाले हेही सांगतो. त्याने आधी बुश, रबर आणि ऑइल बदलले. दुसरा गिअर थंडीतही पडायला लागला आणि डुलणे थांबले. तरीही त्याने शॉर्ट शिफ्टर घेतलाच, कारण त्याला तो हवाच होता. मात्र चाळीस टक्क्यांचा न घेता सौम्य घेतला. मला यात माझा विजय दिसत नाही, आणि त्याची हारही नाही. आता तो दांडा त्याने आजार झाकायला घेतलेला नाही, आवडीने घेतला आहे, एवढाच फरक. माझ्या मते तो पुष्कळ आहे.

राहता राहिला आपला, कॅडेट लोकांचा प्रश्न. आपल्याला इथे सगळेच लवकर हवे असते. बॅरल साफ करायचे लवकर, पलंगाची घडी लवकर, धड्याची उत्तरे लवकर. आणि प्रत्येक गोष्टीला एक आखूड दांडा बाजारात मिळतोच. तो घ्यायला हरकत नाही, पण आधी आपले बुश तपासावेत, ऑइल पाहावे, आणि जोर कुठे जाणार आहे ते समजून घ्यावे. गाडी कोणाची आधी येईल ते माहीत नाही. पण ज्याची येईल त्याने पहिला महिना कंपनीच्याच दांड्याने चालवावी आणि 'दो-तीन' न गिळता गिअर टाकायला शिकावे. मग जे घ्यायचे ते खुशाल घ्यावे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी